पाचशे प्रती छापायच्या आधी

पाचशे प्रतींचा विचार तूर्त बाजूला ठेवा. देणगीदार मिळालाय, चित्रकार मिळालाय, 'गोव्याची फळं', 'गोव्याचे सण' आणि 'गोव्यातले पक्षी' अशी तीन रंगीत पुस्तकं काढून सत्तरी तालुक्यात वाळपईच्या आसपासच्या वाड्यांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, वाटायची, असं तुम्ही लिहिलंय. मुलं तीन ते आठ वर्षांची, घरी कोकणी बोलणारी, सरकारी मराठी शाळेत आणि अंगणवाडीत जाणारी. मजकूर कुठल्या भाषेत ठेवावा आणि छपाई कशी करावी, हे तुम्ही विचारलंत. ते सांगतेच, पण आधी त्या तीन विषयांबद्दल बोलायला हवं.

ते तक्ते आहेत, पुस्तकं नव्हेत. एका पानावर फणस, दुसऱ्यावर काजू, तिसऱ्यावर भिरंड आणि खाली नाव. सत्तरीतलं पोर पहिल्यांदा "आमचो पणस!" म्हणून ओरडेल. दुसऱ्या वेळी पान उलटायला त्याच्याकडे कारणच उरणार नाही. ओळखीच्या वस्तूचा वाचनात उपयोग वेगळाच असतो. पुढे काय घडणार हे मुलाला साधारण ठाऊक असलं की अर्थ लावण्यात त्याचा जीव जात नाही, लक्ष अक्षरांकडे वळतं. ते अंदाज करतं आणि तो अंदाज छापलेल्या शब्दाशी ताडून बघतं. त्यासाठी पानापानातून काहीतरी घडत जावं लागतं.

फळंच घ्यायची तर माटोळी घ्या. चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती लाकडी चौकट, तिला रानातली नि परसातली फळं बांधायची. म्हणजे गोष्ट आयतीच आहे: रिकामी चौकट, एकेक पान उलटत ती भरत जाते, एक जागा शेवटपर्यंत रिकामी राहते आणि तिथे बांधायचं कवंडाळ हे रानफळ काही सापडत नाही. मजकूर एवढाच:

माटोळीला नारळ बांधला.
माटोळीला निरफणस बांधला.
माटोळीला सुपारी बांधली.
माटोळीला तवसं बांधलं.
माटोळीला आंबाडे बांधले.

वाक्य तेच, चित्र बदलतं, शेवटचं अक्षर बदलतं. आमच्या डिचोलीकडच्या वाचनाला येणारी पहिलीतली एक मुलगी 'बांधली'वर बोट ठेवून थबकली. दोन पानं मागे गेली, 'बांधला' शोधून काढलं, परत पुढे आली, ओठातल्या ओठात दोन्ही म्हणून बघितलं आणि कुणालाही न विचारता पुढे वाचू लागली. हे तिला तक्त्याने कधीच करू दिलं नसतं.

आता भाषा. एकाच पानावर वर मराठी आणि खाली कोकणी असं करू नका. देणगीदारांना ते आवडतं, दिसायला उदार दिसतं, पण नुकतं वाचू लागलेलं मूल एवढ्या मजकुराला बिचकतं, आणि मोठी माणसं त्यातली एकच ओळ वाचतात. चित्रं तीच ठेवून दोन वेगळ्या प्रती करा. लिपी देवनागरीच असल्याने पानांची मांडणी बदलावी लागत नाही. कोकणी प्रत आधी मोठ्याने वाचायची, मुलं हसली-बोलली, गोष्ट पाठ झाली की पुढच्या आठवड्यात मराठी प्रत हातात द्यायची. "आवयन पातोळ्यो केल्यो" ऐकलेल्या मुलाला "आईने पातोळ्या केल्या" वाचताना कुणी अर्थ सांगावा लागत नाही. मराठी प्रतीतही वस्तूंची नावं घरचीच राहू द्या. भिरंडाचं कोकम करायची काही गरज नाही.

वाड्यावर कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची, कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलं असतील तर एक पुस्तक बिनशब्दांचं करा. ते ज्याने त्याने आपल्या भाषेत सांगावं. अक्षर न येणाऱ्या आज्याही असं पुस्तक बिनधास्त हातात घेतात, आणि एकदा घेतलं की सोडत नाहीत.

लिहिण्याच्या बाबतीत एक फरक सुरुवातीलाच ठरवून टाका: हे पुस्तक मोठ्यांनी वाचून दाखवायचं आहे की मुलाने स्वतः वाचायचं? वाचून दाखवायच्या पुस्तकात जोडाक्षरांना घाबरू नका, लांब वाक्यं चालतात, गंमत हवी, ठेका हवा. फुगडी आणि धालो या बायकांच्या नाचांच्या गाण्यांत असा ठेका भरपूर आहे. मात्र ती गाणी मांडावरच्या, म्हणजे धालो खेळायच्या अंगणातल्या, बायकांची आहेत, तेव्हा आधी त्यांना विचारा आणि पुस्तकात त्यांचं श्रेय द्या. लोककथा सगळ्यांची म्हणून कुणाच्या छापील पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा उचलणं मात्र चालणार नाही.

मुलाने स्वतः वाचायच्या पुस्तकात पानाला एक ओळ, फार तर दोन. ओळ दर पानावर त्याच जागी. चित्रावर मजकूर नको. अक्षर २४ ते २८ पॉइंट. आणि फाँट तपासा, हे बहुतेक जण विसरतात. मराठी शाळेत मूल पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श गिरवतं. बरेच फाँट मात्र मुळात हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की चांगल्या फाँटमध्ये अक्षरं बदलतात. नाही बदलली तर दुसरा फाँट घ्या. अक्षरओळख पक्की नसलेल्या मुलाला तो वेगळा ल खरंच अडवतो.

चित्रकार पणजीचा असला तरी हरकत नाही, पण त्याला एकदा वाड्यावर आणा. नेटवरून उचललेल्या घरांना गोव्यातले चिरे नसतात, चुलीजवळ ओळखीची भांडी नसतात, आणि हे मुलं पहिल्या मिनिटाला पकडतात. मुलांची चित्रंही जरूर घ्या, मात्र सगळं पुस्तक त्यांच्याच चित्रांचं करायचा मोह टाळा. पालकांना ते गोड वाटतं, पण दुसऱ्या वाड्यावरच्या मुलाला अनेकदा त्यातलं काही कळत नाही. मुलांचे फोटो छापणार असाल तर पालकांची लेखी परवानगी घ्या.

छपाई. आधी हाताने एकच नमुना करा. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की १६ पानं होतात, वर जाड कागदाचं कव्हर. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवली नाहीत तर शेवटी कोरी पानं उरतात. हा नमुना तीन-चार वेगवेगळ्या मुलांसमोर ठेवा आणि आपण गप्प बसा. मूल कुठे पान उलटायची घाई करतं, कुठे मागे जातं, कुठे तोंड फिरवतं ते टिपा. त्याप्रमाणे बदल झाले की पंचवीस-तीस प्रती डिजिटल छापून घ्या; म्हापशाला, पणजीला, फोंड्याला कुठेही होतील. ऑफसेटला प्लेटचा खर्च सुरुवातीलाच बसतो, म्हणून तिथे शेकड्यांत छापलं तरच परवडतं आणि मग चूक सापडली तरी गठ्ठे वाटावेच लागतात.

सत्तरीतला पाऊस लक्षात घेऊन कागद निवडा. गुळगुळीत आर्ट पेपर फोटोत छान दिसतो, पण ओल धरली की पानं एकमेकांना चिकटतात. १०० ते १२० जीएसएम जाडीचा मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा छपाईचा कागद, बरा. पिना मारू नका, एका पावसात गंजून पानावर तांबूस डाग पडतात. मधल्या घडीवर तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा. वाड्यावरच्या मोठ्या मुली हे काम हौसेने करतात. लॅमिनेशन फक्त कव्हरला. पान न् पान लॅमिनेट केलं तर पुस्तक नीट दुमडत नाही, आणि कडा सुटल्या की आत बुरशी. श्रावणात ऊन पडलं की पुस्तकं बाहेर काढून वारं द्या.

पुस्तक घरी न्यायला द्या. फाटेल, पेजेत बुडेल, एखादं परतही येणार नाही. शाळेच्या कपाटात कुलपात ठेवलेल्या चकचकीत प्रतींपेक्षा ते कितीतरी बरं.

शेवटी एक वेगळीच गोष्ट, पैशांची. फक्त वाड्यावर बनवलेल्या पुस्तकांवर मूल वाचक होणार नाही. त्याला हत्ती, बर्फ, आगगाडी, राक्षस, सगळं हवं. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीत भरपूर आणि कोकणीतही काही चित्रपुस्तकं आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांनुसार लावलेली. तिथल्या गोष्टी श्रेय देऊन छापता, भाषांतरित करता, बदलताही येतात, त्यामुळे तुमच्या चित्रकाराला सरावालाही ती जागा चांगली. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं स्वस्त असतात. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, चार पुस्तकं चाळून मग निवडा. देणगीदाराला सरळ सांगा की पाचशे प्रतींऐवजी तीस प्रती, आणि उरलेल्या पैशांत विकतची पुस्तकं नि ती ठेवायला झाकणाची एक पत्र्याची ट्रंक. कव्हरवर त्याचं नाव मोठ्या अक्षरात हवं असेल तर ते ट्रंकेवर रंगवून द्या.