अंतराळातून परत येणारी कॅप्सूल होडीसारखी टोकदार का नसते?

होडीची नाळ पाणी कापायला टोकदार असते, मग कॅप्सूल बोथट का असं विचारलंयत. तर तिला हवा कापायचीच नसते हो, वेग कमी करायचा असतो. कक्षेतून येताना सेकंदाला जवळपास ७.८ किमी वेग असतो आणि तो बहुतेक सगळा हवेच्याच जिवावर उतरवायचा. आमच्याकडे हर्णैच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून परात घ्या, कडेने सरकवलीत तर सर्रकन जाते, पण तळ पुढे करून ढकललीत की समोर पाण्याचा फुगवटा येतो आणि हात भरून येतात. कॅप्सूलचंही तसंच, बोथट तळापुढे हवा दाबली जाऊन शॉक वेव्ह, म्हणजे दाबलेल्या तापलेल्या हवेची लाट, जरा लांबच उभी राहते आणि बरीचशी उष्णता आजूबाजूच्या हवेत निघून जाते, कॅप्सूल टोकदार असती तर ही लाट नाकालाच चिकटली असती. हे १९५१ च्या सुमारास अमेरिकेत हार्वे अ‍ॅलन या इंजिनिअरने ओळखलं, मला तर ही कल्पना फार सुंदर वाटते. उरलेली उष्णता हीट शील्ड, म्हणजे तळावरचं संरक्षक कवच, स्वतः जळत झिजत घेऊन जातं.

अजून एक, वजन मुद्दाम किंचित एका बाजूला ठेवतात, त्यामुळे ती तिरकी येते, थोडी लिफ्ट, म्हणजे हवेचा वर उचलणारा जोर, मिळते, मग गोल फिरवून दिशा बदलता येते आणि माणसांवरचा दाबही कमी होतो.

शेवटी पॅराशूट. १९७१ ला चंद्रावरून परतणाऱ्या अपोलो १५ चं तीनपैकी एक पॅराशूट मिटलं तरी तिघं सुखरूप उतरले, कारण दोनावर भागेल असंच डिझाइन होतं. आपलं गगनयानही समुद्रातच उतरणार आहे.