समुद्रकिनाऱ्यासाठी मेटल डिटेक्टर कोणता: गॅरेट एटी प्रो की माइनलॅब इक्विनॉक्स 800?

ओल्या वाळूत फिरणार असाल तर इक्विनॉक्स. एटी प्रो 15 किलोहर्ट्झच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो. खाऱ्या ओल्या वाळूतून वीज वाहते, म्हणून तो उगाच किरकिरतो; सेन्सिटिव्हिटी कमी केली की शांत होतो, पण मग खोलवरची वस्तू सापडत नाही. कोरड्या वाळूत, शेतात मात्र तो आजही दणकट. इक्विनॉक्स एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतो, त्यामुळे मिठाचा परिणाम वजा होतो. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इक्विनॉक्सचा बीच 1 मोड त्रास देत असेल तर बीच 2 लावा.

दोन्ही 3 मीटरपर्यंत पाण्यात चालतात. एटी प्रोचे साधे हेडफोन मात्र भिजवू नका. त्याचे चार एए सेल कुठेही मिळतात, इक्विनॉक्सची लिथियम बॅटरी चार्जच करावी लागते. एटी प्रोच्या बॅटरी-झाकणाची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी रिंग) वाळूच्या एका कणानेही गळते. पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. कॉइलचं (जमिनीवरून फिरवायच्या चकतीचं) कव्हर काढून गोड्या पाण्याने धुवा, आत अडकलेल्या वाळूने खोटे सिग्नल येतात.

वॉरंटी गॅरेटची 2 वर्षं, इक्विनॉक्सची 3. अधिकृत विक्रेत्याचं बिल नसेल तर दोन्ही कागदावरच.