मक्याचे स्टार्च, लोहखनिज आणि बी.एस्सी.नंतरची वाट

प्रश्न : आम्ही मका आणि कापूस पिकवणारे शेतकरी. मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मक्याच्या स्टार्चने लोहखनिज शुद्ध करतात, असे तिने वाचले आणि आता त्याच क्षेत्रात जायचे म्हणते. अभियांत्रिकीची पदवी नसताना यात काम मिळेल का? मुलीला खाणीवर पाठवावे का?
– एक पालक, ता. पारोळा

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या मुलीने वाचले ते खरे आहे. दहावीच्या विज्ञानात ती फेनतरण पद्धत शिकली आहे. तेथे हवे असलेले खनिज फेसाबरोबर वर येते. लोहखनिजात मात्र बहुधा उलट करतात. बारीक दळलेल्या खनिजाच्या पाण्यात कॉस्टिक सोड्याने विरघळवलेले स्टार्च घालून सामू साधारण 10 ते 10.5 ठेवला, की स्टार्चचे रेणू हेमेटाइट या लोहयुक्त खनिजाच्या पृष्ठभागावर बसतात आणि त्याला बुडबुड्यांना चिकटू देत नाहीत. नंतर घातलेले अमाइन हे रसायन क्वार्ट्झच्या, म्हणजे नको असलेल्या गारेच्या, ऋणभारित कणांना धरते, क्वार्ट्झ फेसातून निघून जाते आणि लोह तळाशी राहते. हेमेटाइटला असे दाबून ठेवणाऱ्या स्टार्चला या उद्योगात डिप्रेसंट म्हणतात. ब्राझीलमध्ये यासाठी मक्याचेच स्टार्च मोठ्या प्रमाणावर वापरतात. आपल्याकडे दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे, म्हणजे या साखळीचे एक टोक खानदेशातच आहे.

या कामाचा गाभा पृष्ठभागाचे रसायनशास्त्र हा आहे, म्हणून रसायनशास्त्राच्या पदवीधराला येथे जागा आहे, असे मी ठामपणे सांगतो. भारतीय लोहखनिजात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) जास्त असते आणि त्यातील काओलिनाइट ही माती हेमेटाइटपासून वेगळी करणे क्वार्ट्झपेक्षा कितीतरी अवघड जाते. या मातीसाठी योग्य डिप्रेसंट शोधणे हे आजही संशोधकांपुढचे काम आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देशातील पुष्कळ लोहखनिज नुसते धुऊन, चाळून किंवा चुंबकाने वेगळे केले जाते, त्यामुळे केवळ फेनतरणावर उभ्या असलेल्या नोकऱ्या थोड्या आहेत. मुलीने पाया रुंद ठेवावा : एम.एस्सी.ला भौतिक रसायनशास्त्र किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्र घ्यावे आणि त्याच काळात नेट व गेट या राष्ट्रीय परीक्षांची तयारी करावी. नेटमधून संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास भुवनेश्वरची खनिज व पदार्थ तंत्रज्ञान संस्था आणि जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा येथे पीएच.डी.चा मार्ग खुला होतो. नागपूरला भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आहे. त्यांच्या खनिज प्रक्रिया प्रयोगशाळेतील भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. एम.टेक.साठी रसायनशास्त्राची पदवी चालते की नाही, हे संस्थेनुसार बदलते. त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचल्याशिवाय शुल्क भरू नये.

खाणीची भीती समजण्यासारखी आहे, परंतु हे काम मुख्यतः प्रयोगशाळेत आणि जमिनीवरील प्रक्रिया कारखान्यात चालते. मात्र घर सोडून ओडिशा, झारखंड किंवा गडचिरोलीकडे राहावे लागेल, कारण लोहखनिज तेथे आहे. हा निर्णय तिच्याशी बसून आत्ताच बोलून घ्यावा.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एक विषय सुचवतो. लोहाच्या लाल ऑक्साइडची बारीक पूड दोन नळकांड्यांतील पाण्यात सारखी ढवळावी, एकात मक्याचे विरघळवलेले स्टार्च घालावे आणि गाळ किती वेगाने बसतो ते मोजावे. मग हेच क्वार्ट्झच्या पुडीवर करून पाहावे. कॉस्टिक सोडा कातडी भाजतो, म्हणून हे प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच करावे. या मोजमापांत तिचे मन रमते का, हे पाहूनच एम.एस्सी.चा विषय ठरवावा.