पिकअप घेतोस तर आधी पाटे बघ

अरे भाऊ, टोयोटाची हायलक्स पिकअप दिसायला राजबिंडी, मलाही मनापासून आवडते. पण 5.3 मीटर लांब गाडी आपल्या पांदणीत वळवशील कुठं? कापूस जिनिंगला न्यायचा तर बोलेरो पिकअपच बरी. घेताना स्क्रीन केवढी ते सोड, खाली वाकून चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, अन् मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बघ. मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं दार, दोनदा पाडून लाव. एसीला बटणंच हवीत. खड्ड्यात स्क्रीनवर बोट टिकत नाही, याचा मला फार राग येतो.

अन् पावसाळ्यात रिकामी गाडी जपून हाक. मागं वजन नसलं की काळ्या मातीत मागची चाकं जागीच फिरतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी असाच दोन तास फसलो होतो. तेव्हापासून मागच्या चाकांच्या बरोबर वर रेतीची दोन पोती ठेवतो, बांधून.