त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये राष्ट्राध्यक्ष केवळ नामधारी असतात का?

बहुतांशी होय, त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये कार्यकारी सत्ता पंतप्रधान व त्यांच्या मंत्रिमंडळाकडे असते आणि राष्ट्राध्यक्ष सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. याचा आधार १९७६ची राज्यघटना आहे: तिने ब्रिटिश राणीऐवजी राष्ट्राध्यक्षपद निर्माण केले, पण संसदीय पद्धत कायम ठेवली, राष्ट्राध्यक्षांना जनता थेट निवडत नाही, तर दोन्ही सभागृहांचे सदस्य गुप्त मतदानाने पाच वर्षांसाठी निवडतात. तथापि ‘केवळ’ हा शब्द मला मान्य नाही, कारण सिनेटच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) ३१ सदस्यांपैकी १६ पंतप्रधानांच्या आणि ६ विरोधी पक्षनेत्यांच्या सल्ल्याने नेमले जात असले, तरी उरलेले ९ स्वतंत्र सदस्य राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या विवेकाने नेमतात. मूलभूत हक्कांना बाधा आणणाऱ्या विधेयकास दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मते लागतात, म्हणजे सिनेटमध्ये किमान १९. सरकारचे सर्व १६ सदस्य एकत्र आले तरी आणखी ३ मते विरोधकांकडून किंवा या स्वतंत्र सदस्यांकडून मिळवावीच लागतात, आणि नागरिकांच्या हक्कांच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे.