क्लचचं पेडल नसलेली गाडी

आडगाव, नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, मी ट्रक ऑटोमॅटिकवरच शिकतो. पुढे सगळ्या गाड्या तशाच येणार." तेव्हा गाडी खाली होत होती, हमालांच्या आवाजात नीट बोलता आलं नाही. म्हणून आज निवांत लिहितोय.

तुझं म्हणणं खोटं नाही. गेली दोन वर्षं मी तसलीच गाडी चालवतोय. पूर्वी भिवंडीच्या जाममध्ये क्लच दाबून दाबून डावा गुडघा असा धरायचा की घरी आल्यावर तुझी काकू शेकून द्यायची. ते बंद झालं. तेव्हा ऑटोमॅटिक चालवणारा ड्रायव्हरच नव्हे, असं अड्ड्यावर कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. तरीही पहिलं वर्ष तू मॅन्युअलवर, म्हणजे पायाने क्लच दाबून हाताने गिअर टाकायच्या गाडीवर काढावंस असं मला फार वाटतं.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. पिंपळगावहून कांदा भरून वाशीला निघालो होतो, उस्ताद, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो ते ड्रायव्हर, मागच्या बर्थवर झोपलेले. इगतपुरी मागे पडली, कसाऱ्याचा उतार लागला आणि मी गाडी पाचव्यातच ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरवायला लागलो. तीन-चार वळणं झाली आणि ब्रेक धरेना. ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये भरला. घाबरून चौथा टाकायला गेलो, तर पाचवा निघाला आणि चौथा बसेना. दांडा हातात नुसता खरखरत होता. गाडी न्यूट्रलमध्ये, पाठीवर दहा टन कांदा, समोर वळण. उस्ताद त्या आवाजानेच उठले. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "क्लच सोड. रेस दे. आणखी दे. आता दाब." चौथा खटकन बसला, इंजिन किंचाळलं, गाडी आवरली. डाव्या अंगाला लावून ड्रम थंड होईपर्यंत तासभर आम्ही बसून होतो. उस्ताद रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच्या वरच्या गिअरमध्ये उतरायचा नाही, आणि तो गिअर पहिल्या वळणाच्या आधी, गाडी हळू असतानाच टाकायचा. एकदा वेग चढला की खालचा गिअर बसत नाही.

आता तुझ्या ऑटोमॅटिकचं. आपल्याकडे ट्रकमध्ये येते ती बहुतेक एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. आतली गिअरपेटी आणि क्लच प्लेट मॅन्युअलसारखीच असते. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम कॉम्प्युटर करून घेतो, बहुतेक गाड्यांत हवेच्या प्रेशरवर. शहरातल्या काही बसला किंवा खाणीतल्या मोठ्या डंपरला टॉर्क कन्व्हर्टरची पेटी असते, म्हणजे क्लच प्लेटऐवजी तेलातून जोर पुढे नेणारी, ती वेगळी. एएमटीत पेडल गेलंय, क्लच गेलेला नाही. चढावर जाम लागला आणि ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीस, तर प्लेट जळणारच. मॅन्युअलमध्ये ते आधी पायाला कळतं. इथे डॅशबोर्डवर लाल दिवा लागेपर्यंत पत्ताच लागत नाही.

माझ्या गाडीच्या पेटीला आत्ताचा वेग कळतो, लोड कळतो, चढ-उतारही कळतो. पण पुढच्या वळणामागे किती उतार आहे ते तिला दिसत नाही, ते मला माहीत असतं. ऑटोवर ठेवून नुसता पाय काढला, तर उतारावर वेग वाढला की ती वरचा गिअर घेऊ शकते, आणि आपल्याला नेमका खालचा हवा असतो. म्हणून उतार लागायच्या आधीच मी दांडा मॅन्युअलवर घेतो, गिअर धरून ठेवतो आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर कोंडून गाडी आवरणारा ब्रेक, लावतो. कोणता गिअर धरायचा, हे मला जुन्या गाड्यांनी शिकवलंय. द्राक्षाचा भरलेला कंटेनर आणि खाली गाडी यांत इंजिनाचा सूर कसा बदलतो, ते हात दांड्यावर असल्याशिवाय अंगात मुरत नाही.

एक सवय मात्र कोणाचीही उचलू नकोस. डिझेल वाचतं म्हणून घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे तुला भेटतील. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आताची इंजिनं डिझेल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. वाचत काहीच नाही, जीव तेवढा टांगणीला लागतो.

तू म्हणशील, आता समृद्धी झाला. जून २०२५ पासून इगतपुरीच्या पुढे जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा उतरायचा कशाला? पण सगळे मालक तो टोल भरणार नाहीत. शिवाय मालेगावकडे राहुड घाट आहे, पेठ रोडला सावळघाट आहे, वणीकडून सुरतेला गेलास तर सापुतारा आहे. आणि एक-दोन गाड्यांच्या मालकांकडे, जिथे तुला पहिली नोकरी मिळेल, अजून मॅन्युअलच उभ्या आहेत.

कारचं लायसन्स काढून तुला वर्ष झालं, विशीही ओलांडलीस, म्हणजे जड वाहनाचं लर्निंग काढायला अडचण नाही. ते या आठवड्यात काढून घे. मग रविवारी पहाटे पाचला आडगाव नाक्यावर ये. भाच्याची सहा गिअरची गाडी मागून ठेवली आहे. आधी खाली गाडी ट्रक टर्मिनलच्या मागच्या रस्त्यावर तू चालव. पुढच्या खेपेला ती भरून सावळघाटात नेऊ. तिथे स्टेअरिंगवर मी बसेन. तू शेजारी बसून डोळे मिटायचे आणि मी केव्हा गिअर पाडला ते नुसत्या आवाजावरून सांगायचं. बूट घालून ये, चपलेने पेडल कळत नाही.

तुझा काका