मुलांचे वाढते वजन आणि घरातील सवयी : वाचकांचे प्रश्न

मुलांच्या आहाराविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ‘मूल नीट जेवत नाही’ ही तक्रार नेहमीचीच असते. परंतु तिच्या जोडीला आता वजन वाढत असल्याची काळजीही येऊ लागली आहे आणि कित्येकदा या दोन्ही तक्रारी एकाच मुलाविषयी असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. उंची १२४ सेंटिमीटर आणि वजन ३४ किलो आहे. शाळेतील आरोग्य तपासणीत वजन जास्त असल्याचा शेरा मिळाला. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे दिवसभर तो सासूबाईंजवळ असतो. स्वतःच्या हाताने जेवला तर दोन घासांत उठतो, म्हणून त्या त्याला अजूनही मोबाईल लावून देऊन भरवतात. त्याला डाएटवर ठेवावे का?
— एक आई, चिंचवड

आपण कळवलेल्या आकड्यांवरून मुलाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २२ च्या आसपास येतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा आकडा ठीक मानला जातो, पण मुलांचा बीएमआय वयानुसार बदलत असल्यामुळे तो वाढीच्या तक्त्यावरच पाहावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयाच्या मुलांसाठी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यानुसार सात वर्षांच्या मुलाला हा आकडा लठ्ठपणाच्या गटात नेतो. तेव्हा शाळेचा शेरा योग्य आहे आणि ‘वयात आला की आपोआप उतरेल’ असे म्हणून तो बाजूला ठेवू नये.

तरीही त्याला डाएटवर ठेवू नका. या वयात मुलाची उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटरने वाढते. त्या काळात वजन आहे तिथे राहिले किंवा अगदी सावकाश वाढले, तरी बीएमआय खाली येतो. त्यामुळे उपाशी ठेवणे, पोळ्या मोजणे, भात बंद करणे यांची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती जेवण भरवण्याची पद्धत बदलण्याची.

‘दोन घासांत उठतो’ हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. आपण एक दिवस सुट्टी असताना त्याचे खाणे केवळ पाहा, टोकू नका. शाळेतून आल्यावर जेवण, चारच्या सुमारास पावडर घातलेले दूध आणि त्यात बुडवलेली चार-पाच बिस्किटे, सहाला खेळायला जाताना हातात खारी किंवा चिवड्याची वाटी, आल्यावर एखादे केळे आणि आठ वाजता पुन्हा ताट, असा क्रम बहुतेक घरांत आढळतो. असे मूल आठ वाजता दोन घासांत उठते ते भूक नसल्यामुळे. त्याचे शरीर बरोबर सांगत असते, पण ते आपण ऐकत नाही. मग मोबाईल लावला जातो. नजर पडद्यावर असते, चमचा ओठांना लागला की तोंड उघडते, आत काय गेले हे कळत नाही आणि पोट भरल्याची जाणीव मनापर्यंत पोहोचत नाही. हे रोज घडले की ‘आता पुरे’ हे ओळखण्याची जन्मजात क्षमताच मंदावते. अमेरिकेतील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लहान मुलांना सूप देताना काही वेळा ‘संपव’ असा आग्रह केला, तर काही वेळा केला नाही. आग्रह असताना मुलांनी सूप कमी प्यायले आणि त्याविषयी नकारात्मक बोललीही अधिक. आग्रहाने भाज्यांची आवड निर्माण होत नाही, हे बहुतेक आयांनी स्वतः अनुभवलेले असतेच.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची विभागणी मी पालकांना नेहमी सुचवते : काय वाढायचे, कधी वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे; किती खायचे हे मुलाने ठरवावे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. काय हवे ते मूल ठरवते आणि किती खायचे ते आपण.

सासूबाईंशी बोलताना त्यांच्या भरवण्यावर बोट ठेवू नका. दिवसभर नातवाला सांभाळणे हे मोठे काम आहे आणि ते त्या मनापासून करत आहेत. ‘डॉक्टरांनी वेळा ठरवून दिल्या आहेत’ असे सांगणे सर्वांनाच सोपे जाते. तीन जेवणे किंवा नाश्ते आणि मधले एक खाणे यांच्या वेळा ठरवा आणि मधल्या काळात केवळ पाणी द्या. ताट लहान घ्या, आधी थोडेच वाढा, मागितले तर पुन्हा वाढा. रात्री सगळ्यांनी एकत्र बसावे, दूरचित्रवाणी बंद असावी आणि सर्वांचेच मोबाईल दुसऱ्या खोलीत असावेत. तो दोन घासांत उठला तर उठू द्या, मात्र नऊ वाजता बिस्किटाचा पुडा निघता कामा नये. पहिले काही दिवस रडारड होईल आणि आजींचा जीव वर-खाली होईल. निरोगी मुलाचे एका रात्री कमी जेवल्याने काहीही बिघडत नाही, हे त्या वेळी त्यांना धीराने सांगावे लागेल.

मुलाला एकट्याला आहारतज्ज्ञाकडे पाठवण्यापेक्षा आपण दोघांनी जाणे अधिक उपयोगी ठरेल. इस्राएलमध्ये मोरिया गोलान यांनी ६ ते ११ वर्षांच्या लठ्ठ मुलांच्या दोन गटांची तुलना केली होती. एका गटात मुलांना मार्गदर्शन केले, दुसऱ्या गटात केवळ आई-वडिलांना. ज्या घरांत पालकांनाच शिकवले गेले, त्या घरांतील मुलांचे वजन अधिक आटोक्यात आले आणि सात वर्षांनंतरही तो फरक टिकून होता.

प्रश्न : आमच्या लहानपणी आम्ही दूध, तूप, गूळ, शेंगदाणे भरपूर खाल्ले; कोणी लठ्ठ झाले नाही. आता नातीला काही द्यायला गेलो की सूनबाईंना आवडत नाही. आजोबांनी खाऊसुद्धा द्यायचा नाही का?
— एक आजोबा, कोल्हापूर

खाऊ अवश्य द्यावा. आपली आठवणही खरी आहे, परंतु तिचा दुसरा भाग आपण लिहिलेला नाही. तूप-गूळ खाणारी ती मुले शाळेत चालत जात, दुपारभर विटीदांडू, सूरपारंब्या खेळत, विहिरीत पोहत आणि दिवस मावळल्यावरच घरी येत. खाऊही रोज नसे. तो सणाला, जत्रेला किंवा पाहुणे आले तर मिळे. आज आपली नात रिक्षातून शाळेत जाते, संध्याकाळी शिकवणीला बसते आणि कुरकुऱ्यांचे पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात तिला कोणत्याही दिवशी मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम किंवा खेळ सांगितला आहे. आपल्या पिढीला तो आपसूक मिळत असे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या शरीरालाच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांशी तुलना केली. आपल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, तर तिकडच्या बाळांचे ३.५ किलो भरले. मात्र स्नायू आणि अवयव लहान असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला किरकोळ असलेल्या आपल्या बाळातही चरबीचा वाटा जास्त असतो. अशा मुलाला ‘वाळलंय लेकरू’ म्हणून भराभर गुटगुटीत करण्याची घाई केली, तर पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणूनच आपल्या मुलांसाठी तक्त्यावरील मर्यादा पाश्चात्त्य मुलांपेक्षा खालच्या पातळीवर ठेवल्या आहेत.

रोजच्या वरण-भातावरील एक चमचा तुपाला माझा विरोध नाही. शहाणी मुलगी म्हणून चॉकलेट, रडू नये म्हणून चॉकलेट, आईने रागावले म्हणून गुपचूप चॉकलेट, याला मात्र आहे. बक्षीस म्हणून दिलेल्या पदार्थाची ओढ मुलाला अधिक लागते आणि दुःख झाले की खायचे, ही सवय मोठेपणी सुटणे फार कठीण जाते. कोल्हापुरात राहणाऱ्या आजोबांजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे : भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा लहानसा खडा, उकडलेले कणीस, हंगामातली बोरे-जांभळे आणि रंकाळ्यावर रोजची एक फेरी. आपल्यासोबत रोज तासभर चालणारी नात हे या पत्रातील सर्व प्रश्नांवरचे माझे सर्वांत आवडते उत्तर आहे. खाऊचा वार मात्र सूनबाईंशी बोलून एकच ठरवा. घरात दोन नियम असले की मूल त्यांच्या मधली वाट लगेच शोधते.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. वजन वाढू लागल्यापासून मी फरसाण, चिप्स कपाटात कुलूप लावून ठेवतो आणि तिच्या पोळ्यांवर लक्ष ठेवतो. तरी तिच्या गादीखाली चॉकलेटचे कागद सापडले. रागाच्या भरात तिच्या शरीरावरून बोललो. आता ती आमच्यासोबत जेवायला बसत नाही.
— एक वडील, ठाणे

आपल्या पत्रातून मुलीविषयीची काळजी स्पष्ट दिसते, म्हणूनच स्पष्ट लिहिते. कुलूप आजच काढा.

पेनसिल्व्हेनियातील जेनिफर फिशर आणि लीअन बर्च यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान मुलांना एक पदार्थ दिसेल पण हवा तेव्हा मिळणार नाही, अशी व्यवस्था केली होती. तसाच दुसरा पदार्थ मोकळा होता. मुले त्या रोखलेल्या पदार्थाविषयीच अधिक बोलत होती, तोच मागत होती. जे घरात आणलेलेच नाही आणि जे घरात आहे पण केवळ तुझ्यासाठी नाही, या दोन गोष्टी मुलाच्या मनात फार वेगळ्या असतात. आपल्या कपाटातील फरसाण कोणासाठी आहे? ते संध्याकाळच्या चहासोबत आपण खात असाल, तर तिच्या दृष्टीने तो आहाराचा नियम नाही, तिला झालेली शिक्षा आहे. गादीखालचे कागद हा तिचा लबाडपणा समजू नका. उघडपणे खाण्याची सोय राहिली नाही, म्हणून ती लपून खाते.

शरीरावरून केलेल्या बोलण्याचा परिणाम याहून खोल असतो. मिनेसोटा येथील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ज्या किशोरवयीन मुलांचे आई-वडील त्यांच्याशी वजनाविषयी बोलत, त्यांच्यात उपाशी राहणे, अघोरी उपायांनी वजन घटवणे आणि बेसुमार खाणे हे प्रकार अधिक आढळले. ज्या घरांत बोलणे केवळ चांगल्या अन्नाविषयी होते, तिथे ते कमी होते. शिवाय तेराव्या वर्षी, पाळी सुरू होण्याच्या आगेमागे, मुलींच्या शरीरात चरबी वाढणे हा वाढीचाच भाग असतो. त्यातले किती नैसर्गिक आणि किती जास्तीचे, हे डॉक्टर तक्त्यावरून सांगतील. ते घरात आरशासमोर ठरवायचे नसते.

तिची एकदा, कोणतीही पुस्ती न जोडता, माफी मागा. ‘मी बोललो ते चुकले, पण तूही…’ असे म्हटलेत तर ती माफी राहत नाही. त्यानंतर बदल करायचा तो सगळ्या घरासाठी करा : फरसाण आणायचे तर महिन्यातून एकदा, पाव किलो, सर्वांनी मिळून टेबलावर बसून खायचे. तिच्या ताटाकडे पाहणे सोडा आणि दिवसभरात काय घडले ते विचारा. ती जेवण टाळते आहे, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाते आहे किंवा एका बैठकीत खूप खाऊन नंतर रडते आहे, असे जाणवल्यास बालरोगतज्ज्ञांसोबत मानसोपचारतज्ज्ञांचाही सल्ला विनाविलंब घ्या.

प्रश्न : बँकेतून घरी पोहोचायला आठ वाजतात. मुलांच्या वाढीसाठी दुधात हेल्थ ड्रिंक देते. वय नऊ आणि सहा. स्वयंपाक, अभ्यास यांत झोपायला साडेअकरा होतात. आणखी काय करू?
— एक आई, नाशिक

आणखी काहीही करू नका. एक-दोन गोष्टी कमी करा. दुधातील पावडर बंद करा. यांतील बऱ्याच पावडरींत साखरेचा मोठा वाटा असतो आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून हटवण्यास सांगितले होते. मुलांच्या दिवसभराच्या ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नऊ वर्षांच्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम चार-पाच चमचे. साधे दूध पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट झोपेची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री ९ ते १२ तास झोप हवी असते. अपुरी झोप झालेल्या मुलाला भूक जास्त लागते, तीही गोड-तळलेल्याची, आणि दिवसा खेळण्याचा उत्साह राहत नाही. रात्रीचे जेवण साग्रसंगीत नसले तरी चालेल. मुगाची खिचडी, दही आणि काकडीची कोशिंबीर हे पूर्ण जेवण आहे. मुलांना साडेनऊला अंथरुणावर घालता आले तर स्वयंपाकाचे दोन पदार्थ निःशंक वगळा. कोशिंबीर कापायला मुलांच्या वडिलांनीही हात लावावा.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, अंगाने स्थूल. मानेवर मागे काळपट, जाडसर पट्टा आला आहे. नीट अंघोळ करत नाही म्हणून तिची आजी रोज घासते, तरी जात नाही.
— एक वाचक, अकोला

घासणे कृपया आजच थांबवा. तो बहुधा मळ नाही. वजन जास्त असलेल्या मुलांत शरीर इन्शुलिनला नीट प्रतिसाद देईनासे झाले, की मानेवर, काखेत त्वचा अशी मखमली, काळपट होते. घासल्याने ती केवळ सोलवटते आणि नसलेल्या चुकीसाठी मुलीला रोज बोलणी खावी लागतात. येत्या आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी पातळी सांगणारी तपासणी), कोलेस्टेरॉल आणि यकृताच्या एन्झाइमची तपासणी करून घेण्याविषयी विचारा. कुटुंबात कोणाला मधुमेह असल्यास ते आवर्जून सांगा. तिच्या जन्माच्या वेळचे वजन आणि गरोदरपणी आपल्याला साखरेचा त्रास होता का, याची नोंद सापडली तर तीही सोबत न्या.